कोलू पाटील : तलाव बांधणाऱ्याचा देव झाला, विद्या मात्र मागे राहिली

नवेगावबांध (ता. अर्जुनी मोरगाव) : नवेगावबांधचा तलाव आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. पण हा तलाव निसर्गानं दिलेला नाही, माणसानं बांधला आहे, हे पाळीवर उभं राहूनही पटत नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. नागपूरकर भोसल्यांचं राज्य इकडे यायचं होतं, मुलूख गोंड राजांचा होता.

त्या राज्यात जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला मान होता आणि तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखालची जमीन सवलतीनं मिळायची. कोहळी समाज यात पुढे होता. ऊस हे त्यांचं पीक, आणि उसाला पाणी बारा महिने लागतं. गोंड राजानं त्यांना काशीकडून आणलं, असं त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

कोलू पाटलांनी सात डोंगरांच्या कुशीतली जागा हेरली आणि मधल्या खिंडी मातीच्या पाळीनं बंद केल्या. इंग्रजांच्या जुन्या गॅझेटियरमध्ये या तलावाचा घेर 17 मैल नोंदवलाय, म्हणजे जवळपास 27 किलोमीटर. एवढं काम ना नकाशा, ना लेव्हल मशीन! पाळ मातीची असली की तिच्यावरून पाणी जाऊन चालत नाही, एका रात्रीत फुटते. म्हणून जादा पाणी जाणारी सलंग किती उंच ठेवायची, हा खरा हिशेब. हातभर उंच झाली तर पाळ धोक्यात, हातभर खाली राहिली तर पाणी वाहून गेलं आणि धान वाळलं. त्यासाठी उतार कुठला, पाणी किती येणार, कोणती माती पाणी धरते, हे सगळं आधी ठाऊक असावं लागतं. कोलू पाटलांचा हिशेब तीनशे वर्षं टिकलाय.

लोकांनी त्यांना विसरलं नाही. कोलासुर देव म्हणून डोंगरावर ठाणं केलं. सातबहिणी डोंगरांच्या देवींनी बांधकामाला हात लावला, अशी कथाही आहे. श्रद्धेचा प्रश्न नाही, पण एकदा माणसाचा देव झाला की त्यानं माप कसं घेतलं हे कोणी विचारत नाही. मातीच्या टोपल्या वाहणारे तर कथेतही नाहीत.

इंग्रज आले, त्यांनी सारा मोजला आणि जातींची माहिती लिहिली. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात कोहळींवर स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे दखल घेतली गेली, पण जातीचा गुण म्हणून. शिकवण्याची विद्या म्हणून तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

पुढे 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. मालगुजारी जायलाच हवी होती, त्यात वाद नाही. पण तिच्याबरोबर तलावाची गावकीची व्यवस्थाही ढिली पडली. कोणत्या बांधीला आधी पाणी, तुडूम कधी उघडायचा, हे पाणकर ठरवायचा. गाळ लोक शेतात नेत. आता त्यांना मामा तलाव म्हणतात, मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत मिळून असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. कित्येकांत गाळ भरलाय, बेशरम माजलीय, काठावर अतिक्रमण झालंय.

आणि नेमकी आता त्यांची गरज वाढलीय. पाऊस एका दिवसात कोसळतो, मग पंधरा-पंधरा दिवस तोंड दाखवत नाही. रोवणी लांबते. धान गर्भात असताना उघाड पडली तर लोंब्या पोचट राहतात, तेव्हा तलावातलं एक पाणीही पीक वाचवतं. कोसळलेला पाऊस अडवायला आणि उघाडीत सोडायला आपल्याकडे हीच सोय आहे, तीही बांधून तयार.

तलाव दुरुस्तीचं काम निघतं तेव्हा मात्र हिशेब मशीनच्या तासांचा आणि गाळाच्या घनमीटरचा होतो. कुठे जास्त खोदलं तर तळाचा चिकणमातीचा थर फुटून पाणी झिरपेल, कोणती पाणवनस्पती उपटली तर मासोळीला अंडी घालायला जागा उरणार नाही, हे त्या तलावावर जगणाऱ्या धिवराला आणि म्हाताऱ्या पाणकराला ठाऊक असतं. अंदाजपत्रकावर त्यांच्या सहीसाठी रकाना नसतो.