राजाराम कॉलेजचा पैलवान

यूएफसीच्या फाइट मोबाइलवर तुम्ही बघत असालच. समोरच्याला खाली पाडायचं, जमिनीवर घट्ट धरायचं आणि सुटूच द्यायचं नाही, हा त्यातला ब्राझिलियन जिउ-जित्सूचा भाग. ही विद्या ब्राझीलमध्ये नेली मित्सुयो माएदा या जपानी ज्युदोपटूनं. आता थेट १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला या. मॅटवर शोहाची इशी हा जपानी मल्ल उभा आहे. हासुद्धा मुळात ज्युदोवाला. आणि त्याच्यासमोर आहे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा, तांबड्या मातीत घडलेला मराठी गडी, खाशाबा दादासाहेब जाधव.

नाव आपल्याला पाठ आहे. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, स्पर्धा परीक्षेचा हमखास एक मार्क. पण त्या एका मार्काच्या मागेपुढे काय काय घडलं ते वाचलं की डोकं फिरतं भो.

जन्म १५ जानेवारी १९२६. वडील पैलवान, पाच भावांत हे धाकटे. कऱ्हाडचं टिळक हायस्कूल, मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा वय फक्त २२. खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. पण खाशाबांना सवय मातीची, आणि तिथे मॅट. आपल्याकडे पाठ लागेपर्यंत कुस्ती चालायची, तिथे ठरलेला वेळ आणि गुण. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकानं तयारी करून घेतली आणि फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले. मला तर हा सहावा नंबरही पदकाएवढाच भारी वाटतो.

पुढची चार वर्षं त्यांनी घाम गाळला, वजन वाढवून ५७ किलोच्या गटात आले. तरी हेलसिंकीच्या निवडीत नाव मागे पडलं. गुण देताना आपल्यावर अन्याय झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. गप्प न बसता त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. बंगालच्या निरंजन दासशी पुन्हा कुस्ती लावली गेली आणि खाशाबांनी त्याला चीत केलं. विषय संपला.

मग पैशांचा प्रश्न. सरकारकडून पुरेशी मदत नाही. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. आपल्या विद्यार्थ्यासाठी स्वतःचं घर गहाण! हे वाचून जरा थांबा.

हेलसिंकीत त्यांनी कॅनडाच्या पॉलिक्वीनला आणि मेक्सिकोच्या बासुर्तोला हरवलं, मग जर्मनीच्या श्मिट्झलाही. इशीशी मात्र दीर्घ झुंज झाली आणि ती गेली. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी, असा नियम होता. पण दमलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या मामेदबेयोवसमोर उभं केलं गेलं, आणि हरकत घ्यायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. तीही कुस्ती गेली. इशीला सुवर्ण, मामेदबेयोवला रौप्य, खाशाबांना ब्राँझ. त्या ऑलिंपिकमध्ये जपानचं हे एकमेव सुवर्ण होतं, म्हणजे इशी काय ताकदीचा होता ते कळतं.

परतल्यावर बैलगाड्यांची भलीमोठी मिरवणूक निघाली. खाशाबांनी मात्र आधी प्राचार्यांचं घर सोडवायचं मनावर घेतलं. कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले आणि पैसे फेडले.

नोकरी मिळाली १९५५ मध्ये, पोलीस उपनिरीक्षकाची. पदकाला तोवर तीन वर्षं झाली होती. आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले आणि राज्य सरकारनं त्यांना थेट पोलीस उपअधीक्षक केलं. चांगलंच झालं. पण ऑलिंपिक पदक आणणारा माणूस २७ वर्षं खात्यात राहिला, तिथल्या खेळाडूंना शिकवलं, आणि बढती मिळत मिळत सहायक पोलीस आयुक्त झाला तो अगदी निवृत्तीच्या तोंडावर. पुढे पेन्शनसाठीही झगडावं लागलं. गुडघ्याच्या दुखापतीनं १९५६ चं मेलबर्न हुकलं ते वेगळंच.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर, २००० सालचा. पद्म किताब नाहीच. त्यांच्यानंतर वैयक्तिक पदक आलं ते थेट १९९६ मध्ये, लिअँडर पेसचं. कुस्तीला तर २००८ पर्यंत, सुशील कुमारपर्यंत वाट बघावी लागली.

२०१७ मध्ये, गोळेश्वरला जाहीर झालेलं कुस्ती संकुल उभं राहत नाही म्हणून घरच्यांनी ते ब्राँझ लिलावात काढायची तयारी दाखवली होती. आता १५ जानेवारी हा राज्याचा क्रीडा दिन आहे. त्या दिवशी कॉलेजच्या जिमखान्यात एक चक्कर मारा आणि खाशाबांचा फोटो आहे का ते विचारा.