टॉलस्टॉय बोरोदिनोच्या मैदानावर गेले आणि इतिहासकारांचा नकाशाच खोडून आले

साल १८६७. लिओ टॉलस्टॉय यांच्या ‘वॉर अँड पीस’चे सुरुवातीचे भाग छापून आले होते आणि आता बोरोदिनोची लढाई लिहायची होती. १८१२ मध्ये नेपोलियनची आणि रशियाची फौज इथेच भिडली होती.

टॉलस्टॉय यांच्याकडे या लढाईवरची भरपूर पुस्तकं होती. शिवाय १८५४-५५ च्या सेवास्तोपोलच्या वेढ्यात ते स्वतः तोफखान्यात होते, म्हणजे युद्ध काय असतं हेही त्यांना माहीत होतं. तरी सप्टेंबरमध्ये ते मॉस्कोपासून सव्वाशे किलोमीटरवरच्या त्या मैदानावर गेलेच. सोबत होता १२ वर्षांचा मेहुणा.

दोन दिवस त्यांनी सगळा परिसर पालथा घातला. कोणतं गाव कुठे, टेकडी किती उंच, सकाळचा सूर्य कोणाच्या डोळ्यांवर येतो, सगळं टिपून घेतलं.

यातून त्यांचं एक मत पक्कं झालं. रशियन फौजेने आधी निवडलेल्या आणि मजबूत केलेल्या जागी लढाई दिली, असं इतिहासकार लिहीत होते. टॉलस्टॉय यांचं म्हणणं वेगळं होतं. डाव्या टोकाचं शेवार्दिनो दोन दिवस आधीच पडलं, त्यामुळे फौजेला जवळपास उघड्यावर लढावं लागलं. त्यांनी स्वतः नकाशा काढला आणि तो चक्क कादंबरीत छापला.

पण लढाई पाहिलेली माणसं अजून हयात होती. बोरोदिनोत पाय गमावलेले माजी शिक्षणमंत्री अव्राम नोरोव त्यातलेच एक. आपल्या सेनापतींना कादंबरीत कमी लेखलंय, असं त्यांना वाटलं आणि १८६८ मध्ये त्यांनी तसं लिहिलंही. त्याच वर्षी टॉलस्टॉय यांनी एक लेख लिहून आपली बाजू मांडली. इतिहासकार घटनेचा निकाल बघतो, लेखक त्या घटनेत सापडलेला माणूस बघतो, असा त्यांचा मुद्दा होता. खऱ्या व्यक्तींच्या तोंडी घातलेल्या बोलण्याला मात्र आपल्याकडे कागदोपत्री आधार आहे, हेही त्यांनी सांगितलं.

मग नुसती माहिती गोळा केली की कादंबरी होते का? तर नाही. पुढे त्यांनी पीटर द ग्रेटवर कादंबरी लिहायला घेतली. ढीगभर वाचलं, अनेकदा सुरुवात केली. पण तो काळ काही डोळ्यांपुढे उभा राहीना. १८७३ मध्ये तो नाद सोडून ते ‘अ‍ॅना कॅरेनिना’कडे वळले.

तपशिलाची भूक मात्र म्हातारपणीही गेली नाही. सत्तरी ओलांडल्यावर ते कॉकेशसमधल्या हाजी मुराद या लढवय्यावर लिहीत होते. तो १८५२ मध्ये मारला गेला होता. त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या विधवेला टॉलस्टॉय यांनी १९०३ मध्ये पत्र पाठवलं. त्याला थोडंफार रशियन येत होतं का, पळताना घोडे कोणाचे होते, त्याचं लंगडणं लक्षात येण्यासारखं होतं का, असे प्रश्न त्यात होते.

१९१० मध्ये टॉलस्टॉय गेले. ‘हाजी मुराद’ छापून आली ती त्यानंतर, १९१२ मध्ये.