पुलित्झर मिळाल्यावर तो फोटोतल्या कुटुंबांना शोधत पुन्हा व्हिएतनामच्या त्या गावात गेला होता

गळ्यापर्यंत पाणी असलेली नदी. त्यातून पलीकडे जायला धडपडणाऱ्या दोन बायका आणि त्यांची लहान लहान मुलं. एकीनं लेकराला घट्ट धरून ठेवलंय. सगळ्यांच्या चेहऱ्यावर भीती.

व्हिएतनाम युद्ध म्हटलं की जे मोजके फोटो डोळ्यासमोर येतात, त्यातला हा एक. फोटोचं नाव 'फ्लाइट टू सेफ्टी', म्हणजे जीव वाचवण्यासाठी सुरक्षित जागेकडे काढलेला पळ.

हा फोटो काढणारा माणूस मात्र आयुष्यभर बरोबर उलट्या दिशेनं पळत राहिला. त्याचं नाव क्योइची सवादा.

सवादाचा जन्म २२ फेब्रुवारी १९३६ चा, जपानच्या उत्तरेकडच्या आओमोरीचा. तो नऊ वर्षांचा होता तेव्हा, जुलै १९४५ मध्ये, अमेरिकन विमानांनी आओमोरी शहरावर आगीचे बॉम्ब टाकले. पुढच्याच महिन्यात जपान शरण आला आणि देशात अमेरिकन सैन्याचे तळ उभे राहिले.

असाच एक तळ आओमोरी प्रांतात मिसावा इथं होता. या तळावरच्या कॅमेऱ्याच्या दुकानात सवादाला नोकरी मिळाली. कॅमेरा त्याच्या हातात आला तो इथं, आणि बायकोही त्याला इथंच भेटली. तिचं नाव साता. ती त्याच दुकानात काम करायची आणि त्याच्याहून ११ वर्षांनी मोठी होती. १९५६ मध्ये दोघांनी लग्न केलं.

पुढं १९६१ मध्ये सवादा टोकियोला गेला आणि यूपीआय या अमेरिकन वृत्तसंस्थेत लागला. पण त्याला ऑफिसातलं काम नको होतं, व्हिएतनामला जायचं होतं. ऑफिस काही पाठवेना.

मग गड्यानं काय केलं, तर १९६५ च्या सुरुवातीला चक्क सुट्टी टाकली आणि स्वखर्चानं व्हिएतनाम गाठलं. तिथून आणलेले फोटो पाहिल्यावर ऑफिसला त्याचं ऐकावंच लागलं. त्याच वर्षी जुलैमध्ये यूपीआयनं त्याला सायगावला पाठवलं. पुढं साताही तिथं राहायला गेली.

फोटोग्राफर्ससाठी हे युद्ध वेगळंच होतं. बातमी किंवा फोटो छापण्याआधी लष्कराकडून तपासून घ्यायची सक्ती नव्हती. ओळखपत्र मिळालं की लष्कराच्या हेलिकॉप्टरमध्ये जागा बघायची आणि थेट आघाडीवर उतरायचं. फिल्म सायगावला आली की धुवून, रेडिओ लहरींवरून फोटो जगभर जायचे. १९६५ संपेपर्यंत तिथं सुमारे १ लाख ८४ हजार अमेरिकन सैनिक उतरले होते, त्यामुळं फोटोंना मागणीही तेवढीच होती.

सप्टेंबर १९६५ मध्ये सवादा क्वी न्होन शहराच्या परिसरात अमेरिकन सैन्यासोबत होता. तिथल्या एका गावात व्हिएत काँगचे बंदूकधारी लपलेत असा सैन्याला संशय होता. गावावर विमानातून बॉम्ब पडणार होते, म्हणून लोक घरदार सोडून नदीत उतरले. नदी ओलांडून जीव वाचवू पाहणारी ती दोन कुटुंबं सवादाच्या कॅमेऱ्यात आली.

या फोटोत बंदूक दिसत नाही, सैनिक दिसत नाही, विमानही दिसत नाही. पण युद्ध कुणाच्या घरात शिरलंय हे पाहणाऱ्याला लगेच कळतं.

फोटोला १९६५ चा 'वर्ल्ड प्रेस फोटो ऑफ द इयर' हा मान मिळाला, आणि १९६६ मध्ये पुलित्झर पुरस्कार.

एवढं झाल्यावर दुसरा कुणी पुढच्या बातमीकडे वळला असता. सवादा त्याच गावाकडे परत गेला. फोटोतली कुटुंबं त्यानं शोधून काढली. ती जिवंत होती. त्यांना त्यानं फोटोची प्रत दिली आणि बक्षिसाच्या पैशातला वाटाही दिला.

युद्धातला फोटो काढणाऱ्याला नाव मिळतं, पैसे मिळतात. फोटोत जे आहेत त्यांना बहुतेक वेळा काहीच मिळत नाही, आपला फोटो जगभर छापून आलाय हेही त्यांना कळत नाही. सवादानं निदान त्या दोन कुटुंबांच्या बाबतीत तसं होऊ दिलं नाही.

पण कॅमेरा त्यानं थांबवला नाही. फेब्रुवारी १९६६ मध्ये त्यानं काढलेला आणखी एक फोटो जगभर गाजला. अमेरिकन चिलखती गाडीच्या मागे दोरीनं बांधून फरफटत नेलेला व्हिएत काँग सैनिकाचा मृतदेह. 'वर्ल्ड प्रेस फोटो ऑफ द इयर' सवादाला सलग दुसऱ्यांदा मिळाला. १९६८ मध्ये हुए शहरात घरोघरी लढाई पेटली, तेव्हाही तो तिथं होता.

त्याच वर्षी यूपीआयनं त्याला हाँगकाँगला फोटो विभागाच्या जबाबदारीवर पाठवलं. बढती होती, टेबलावरचं काम होतं आणि मुख्य म्हणजे इथं गोळ्या चालत नव्हत्या. सवादाचं मन काही रमलं नाही. १९७० मध्ये तो स्वतः मागून पुन्हा व्हिएतनामला गेला.

तोवर युद्ध शेजारच्या कंबोडियात पसरलं होतं. मार्च १९७० मध्ये तिथल्या सिहानूक यांची सत्ता उलथवली गेली. यानंतर तिथल्या रस्त्यांवर आघाडी अशी उरलीच नाही. सकाळी मोकळा असलेला रस्ता दुपारी कुणाच्या ताब्यात असेल याचा भरवसा नव्हता. एप्रिलमध्ये शॉन फ्लिन आणि डेना स्टोन हे अमेरिकन फोटोग्राफर असेच एका रस्त्यावरून बेपत्ता झाले. ते पुन्हा कधीच सापडले नाहीत.

मे महिन्यात सवादाही पकडला गेला होता. काही तासांनी त्याची सुटका झाली. तरी तो कंबोडियात जात राहिला.

२८ ऑक्टोबर १९७० ला सवादा आणि यूपीआयच्या नॉम पेन्ह ऑफिसचा प्रमुख फ्रँक फ्रॉश गाडीनं राजधानीच्या दक्षिणेला निघाले. दोघे परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी रस्त्याजवळ त्यांचे गोळ्या लागलेले मृतदेह मिळाले. सवादा तेव्हा ३४ वर्षांचा होता.

मरणानंतर त्याला रॉबर्ट कापा सुवर्णपदक देण्यात आलं. हे पदक जिवावर उदार होऊन केलेल्या फोटोग्राफीसाठी दिलं जातं. ज्या कापाच्या नावानं ते दिलं जातं, तोही १९५४ मध्ये व्हिएतनाममध्येच भूसुरुंगावर पाय पडून गेला होता.

साता जपानला परतली आणि नवऱ्याचे फोटो तिनं जपून ठेवले. पुढं त्यांची प्रदर्शनं भरली, पुस्तकं निघाली.

'फ्लाइट टू सेफ्टी' आजही नव्यानं शेअर होत असतो. फोटो नदीच्या मधोमध थांबतो. त्यातली माणसं पलीकडे पोचली का, हे त्यात दिसत नाही. ती पोचली होती, आणि हे स्वतः जाऊन पाहणारा माणूस फोटो काढणाराच होता.