पंडिता रमाबाई : मोरियाची वाट



उत्पत्तीच्या २२ व्या अध्यायाचा धडा शब्बाथशाळेत शिकविताना झुडपात अडकलेला एडका दिसेपर्यंत मुलांचा जीव टांगणीला लागलेला असतो. एडका दिसला की मुले सुटकेचा श्वास टाकतात, आणि खरे सांगायचे तर आपण शिक्षकही टाकतो. पण कधी एखादे चौकस मूल विचारते, की ज्यांना एडका सापडत नाही त्यांचे काय? या प्रश्नाला झटपट उत्तर नाही. तरी आपल्या मराठी मंडळीत एक बाई अशी होऊन गेली, की जिच्यापुढे अब्राहामाची ही वाट एकदा नव्हे, अनेकदा आली. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असे लोक म्हणत असताना त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना ते शिकविले, आणि आईने ते रमाबाईंना दिले. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर फिरले. पुढे दुष्काळ आला. वडील, आई व थोरली बहीण अशी तिघेही अन्नान्न करीत गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास अनवाणी चालत राहिले. १८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी या बंगाली वकिलाशी जात न पाहता विवाह केला. कन्या मनोरमा जन्मली, पण १८८२ च्या फेब्रुवारीत पतीला पटकीने नेले. चोविसाव्या वर्षी रमाबाईंजवळ उरले ते एवढेच : विद्या, लौकिक आणि दहा महिन्यांची मुलगी.

इथपर्यंत जे गेले ते काळाने नेले. यापुढे जे गेले ते रमाबाईंनी आपल्या हाताने ठेवले. हा भेद, वाचकहो, लक्षात असू द्यावा.

पुण्यात आल्यावर त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. सुधारक मंडळींनी त्यांना डोक्यावर घेतले. १८८३ साली त्या वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या, पण कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. लूकचे शुभवर्तमान त्यांनी पूर्वीच बंगालीत वाचले होते. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनी पतित स्त्रियांना ज्या मायेने सांभाळीत होत्या ते पाहून त्यांचे मन पुरते हलले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. याची किंमत त्यांना ठाऊक होती. ज्या पुण्याने त्यांना माथ्यावर घेतले होते, तेच आता पाठ फिरविणार होते. ती किंमत त्यांनी मोजली.

मात्र आज्ञापालन म्हणजे पुढाऱ्यांपुढे मान तुकविणे असे रमाबाईंनी कधीच मानले नाही. वाँटेजच्या भगिनींशी त्यांनी धर्ममतांवर पत्रांतून खूप वाद घातला. मनाला जे पटले नाही ते केवळ कोणी वरिष्ठ सांगतो म्हणून त्यांनी स्वीकारले नाही. वाकायचे ते देवापुढे, एवढा त्यांचा निश्चय होता.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. बालविधवांसाठी घर उघडण्याचा ध्यास लागला होता. त्यासाठी गावोगाव फिरून व्याख्याने द्यायची होती. पाच वर्षांच्या मनोरमेला त्यांनी वाँटेजला परत पाठविले. आईच्या मनाला हे किती जड गेले असेल, हे मातांना सांगावयास नको. पुढच्या वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, बॉस्टनला साहाय्यक मंडळ उभे राहिले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढे ते पुण्यास हलविले. तेथे कोणावरही धर्माची सक्ती नव्हती. रमाबाई आपल्या मुलीबरोबर प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. यावरून गदारोळ उठला. १८९३ साली सल्लागार मंडळातील थोर गृहस्थ बाजूला झाले आणि वीसपंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. दार लावून घेतले असते तर बरेच काही वाचले असते. रमाबाईंनी दार लावले नाही.

यानंतरची परीक्षा १८९६-९७ च्या दुष्काळाची. मध्य प्रांतातून भुकेल्या मुलींच्या बातम्या येऊ लागल्या. बॉस्टनचा पैसा उच्चवर्णीय विधवांसाठी होता आणि या मुली तर सर्व जातींच्या. हाती निधी नाही, राहावयास जागा नाही. पण आपल्या आईबापांना उपाशी मरताना पाहिलेली ती स्त्री घरी कशी बसणार? त्या स्वतः गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. प्लेगच्या दिवसांत पुण्यात त्यांना ठेवण्यास बंदी झाली, तेव्हा केडगावच्या शेतात तंबू ठोकले. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम व छपाई शिकविली. दळण, पाणी, आजारपण यांत पंडिता हे नाव जवळजवळ विसरले गेले.

विद्येचे काय झाले? तीही त्यांनी वेदीवर ठेवली. साध्या खेडवळ बाईला समजेल असे पवित्र शास्त्र मराठीत असावे, म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि वर्षानुवर्षे एकटीने भाषांतर चालविले. ज्या प्रतिभेने कलकत्त्याची सभा जिंकली होती, ती आता जात्यावरच्या बाईसाठी सोपा शब्द शोधू लागली.

एक ठेव मात्र उरली होती, मनोरमा. तिने इंग्लंड-अमेरिकेत शिक्षण घेतले, मुंबई विद्यापीठाची पदवी मिळविली, अंधांना ब्रेल शिकविली, गुलबर्ग्यास शाळा काढली. मुक्तीचा भार हीच उचलणार असे सर्वांना वाटे. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. वय चाळीस. तेथे एडका दिसला नाही.

त्या वेळी रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या, प्रकृतीने खचलेल्या होत्या. पण त्यांनी मुक्तीचे काम सोडले नाही आणि शास्त्राचे भाषांतरही सोडले नाही. नऊ महिने पुरे होण्याच्या आतच, ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ साली छापून निघाले. केडगावचे मुक्ती आजही निराधारांना आसरा देत आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, त्या चौकस मुलाला आपण काय सांगावे? देवाने मनोरमेचा बळी मागितला, असे सांगू नये. मोरियावर देवाने सुरी थांबविली. मुलांचे बळी घेणारा तो देव नव्हे. रमाबाईंनीही आपल्या आज्ञापालनासाठी दुसऱ्या कोणास बळी दिले नाही. उलट, रूढीच्या वेदीवर बांधलेल्या शेकडो मुलींचे दोर त्यांनी सोडविले. मुलाला एवढेच सांगावे, की मनोरमा का गेली हे आपणांस कळत नाही. पण तिची आई दुसऱ्या दिवशी कामास लागली असेल, तर ती बक्षिसाच्या आशेने नव्हे. ज्याच्या हाती तिने सर्व सोपविले होते, त्याच्याच हाती आपली मनोरमाही आहे असे ती मानीत होती.

आपणांपैकी बहुतेकांना रानात तंबू ठोकावे लागणार नाहीत. कोणास नावलौकिक सोडावा लागेल, कोणास सोय, कोणास सूनमुलांवरचा हक्क. त्या वेळी रमाबाईंचे उघडे दार आठवावे. प्रभू आपणांस तसे दार उघडे ठेवण्याचे बळ देवो. आमेन.