बाइंडरचा पोऱ्या

सबमिशनच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानात फाईल बाइंडिंगला टाकताना एका माणसाची आठवण काढा. तो स्वतःच बाइंडर होता. नाव मायकेल फॅरडे.

२२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरी तो जन्मला. शाळा लिहिण्या-वाचण्यापुरतीच. चौदाव्या वर्षी रिबो नावाच्या पुस्तकवाल्याकडे बांधणीचं काम शिकायला लागला. बांधायला आलेली पुस्तकं हा पठ्ठ्या वाचायचा. विश्वकोशातला विजेवरचा लेख, जेन मार्सेटबाईंचं रसायनशास्त्र. वाचलेलं खरं का, ते जमेल तसं करूनही बघायचा. संध्याकाळच्या विज्ञान व्याख्यानाला एक शिलिंग पडे. तो थोरला भाऊ द्यायचा, तोही लोहारच.

१८१२ साली एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्हींच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरडेने सगळं टिपून घेतलं, आकृत्यांसकट सुमारे ३०० पानं झाली. ती स्वतः बाइंड करून डेव्हींना पाठवली. मार्च १८१३ मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सहायक झाला. पुढे डेव्हींबरोबर युरोपच्या दौऱ्यात नोकराची कामंही वाट्याला आली. सगळं सोडून परतावं असं त्याला वाटलं, पण टिकून राहिला.

२९ ऑगस्ट १८३१. लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी. एकातला प्रवाह चालू-बंद केला की दुसऱ्याला जोडलेली सुई हलायची. दोन महिन्यांत चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवून त्याने सलग वीज मिळवली. कोळसा असो, धरण असो की पवनचक्की, जनरेटर आजही त्याच तत्त्वावर फिरतो.

गणितात मात्र गडी कच्चा! त्याच्या कल्पना समीकरणांत बसवल्या त्या मॅक्सवेलने. सरदारकी आणि रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद दोन्ही त्याने नाकारलं. २५ ऑगस्ट १८६७ रोजी तो गेला. विद्यापीठाची पायरी तो विद्यार्थी म्हणून कधीच चढला नव्हता.

आज एनपीटीईएलवर आयआयटीच्या सरांचे एनर्जी इंजिनीअरिंगचे कोर्स फुकट बघता येतात. आपण जोशात नाव नोंदवतो, आणि दुसऱ्या आठवड्यात मेसमधून आलो की झोपतो. फॅरडेला चारच लेक्चर मिळाली होती. त्याची ३०० पानं झाली. आपली किती झाली, ते ज्याने त्याने आपापल्या रूमवर जाऊन मोजावं.