ख्रिस्तप्रसादाचे पोप : संत दहावे पायस



मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसादाची वेळ होते तेव्हा आपल्यापैकी काही जण बाकावरच बसून राहतात. आपण योग्य नाही असे त्यांना मनापासून वाटते. काही जण मात्र रांग पुढे सरकते म्हणून सरकतात. या दोघांनाही संत दहावे पायस ह्यांचे चरित्र उपयोगी पडेल.

त्यांचे मूळ नाव जुझेप्पे सार्तो. २ जून १८३५ रोजी उत्तर इटलीतील रिएसे ह्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील गावात टपाल वाटण्याचे काम करीत, तर आई शिवणकाम करी. घरची गरिबी आणि भावंडे बरीच. शाळेसाठी छोटा जुझेप्पे रोज मैलोन् मैल पायी जाई. १८५२ साली वडील वारले, तेव्हा तो पादुआच्या गुरुविद्यालयात शिकत होता. आईने संसाराचा भार उचलला, पण मुलाचे शिक्षण थांबू दिले नाही.

१८५८ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. तोंबोलो येथे नऊ वर्षे साहाय्यक आणि नंतर साल्झानो येथे प्रमुख धर्मगुरू म्हणून त्यांनी खेडुतांची सेवा केली. पुढे ते मांतुआचे महागुरू, व्हेनिसचे कार्डिनल आणि १९०३ साली पोप झाले.

त्या काळी भाविक ख्रिस्तप्रसादापासून दूर राहत. वर्षातून निदान एकदा, पास्काच्या काळात, ख्रिस्तप्रसाद घ्यावा असा नियम लॅटरन परिषदेने १२१५ साली केला होता. हे निदान पुष्कळांनी पुरेसे मानले. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये पसरलेल्या जॅन्सेनवादाने भीतीत भर घातली. अगदी निर्मळ झाल्याशिवाय वेदीजवळ जाऊ नये, असा त्या विचाराचा कल होता. मुलांना तर दहा, बारा, कधी चौदा वर्षे थांबावे लागे. स्वतः जुझेप्पे ह्यांचा प्रथम ख्रिस्तप्रसादही बारावे वर्ष चालू असताना झाला होता.

ताप उतरल्यावर वैद्याकडे जाईन असे कुणी म्हटले तर आपण त्याला वेड्यात काढू. पोप पायस ह्यांनी नेमकी हीच चूक दुरुस्त केली. त्यांच्या मान्यतेने डिसेंबर १९०५ मध्ये निघालेल्या आज्ञापत्रकाने भाविकांना वारंवार, शक्य तर दररोज, ख्रिस्तप्रसाद घेण्याचे आवाहन केले. अटी दोनच : माणूस कृपेच्या अवस्थेत असावा आणि त्याचा हेतू शुद्ध असावा. गंभीर पाप असेल तर आधी पापनिवेदन करावे. सवय, दिखावा किंवा लोक काय म्हणतील ही भीती हा हेतू नसावा. किरकोळ दोष मात्र आड येत नाहीत, कारण त्यांच्यावरच हा उतारा आहे. पवित्रता हे ख्रिस्तप्रसादाचे फळ आहे. ती आधी चुकती करायची किंमत नव्हे.

८ ऑगस्ट १९१० च्या आज्ञापत्रकाने मुलांसाठी दार उघडले. साधी भाकरी आणि ख्रिस्तप्रसाद ह्यांतील फरक ओळखणारे, साधारण सात वर्षांचे मूल वेदीपाशी येऊ शकते, असे ठरले. आज आपली मुले तिसरी-चौथीत पांढऱ्या पोशाखात प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतात, त्यामागे हा निर्णय आहे.

१९१४ च्या उन्हाळ्यात युरोपात महायुद्ध पेटले. एकाच भाकरीचे वाटेकरी असलेले कॅथलिक समोरासमोर उभे ठाकले. त्या दुःखात, २० ऑगस्ट १९१४ रोजी पोप पायस निवर्तले. १९५४ साली त्यांना संतपद देण्यात आले. २१ ऑगस्टला आपण त्यांचा सण पाळतो.

त्यांचे शेवटचे दुःख आपल्यालाही काही विचारते. वेदीपाशी आपल्या पुढेमागे उभा असलेला माणूसही त्याच ख्रिस्ताला स्वीकारतो. मग बांधावरून, वाटणीवरून ज्या भावाशी बोलणे टाकले, त्याच्याशी पहिला शब्द कोण बोलणार? ज्यांना पापनिवेदन करायचे आहे त्यांनी संकोच करू नये, येत्या रविवारी मिस्सापूर्वी यावे. बाकावर बसून राहणाऱ्यांनी तर जरूर यावे.

संत दहावे पायस, आमच्यासाठी विनंती करा.

आपला,
प्रमुख धर्मगुरू