सनद मिळाली म्हणून वकिलाचं शिक्षण संपत नाही : मरहूम आसफ फैजी यांच्या आयुष्याचा धडा

मुस्लिम कौटुंबिक कायद्याचा खटला उभा राहिला की वकिलांच्या टेबलावर दोन पुस्तकं हमखास दिसतात. एक मुल्लांचं, दुसरं फैजींचं. दिनशा फरदुनजी मुल्ला हे पारशी कायदेपंडित. त्यांचं पुस्तक १९०५ साली आलं आणि आजही चालतं. फैजींचं ‘आउटलाइन्स ऑफ मुहम्मडन लॉ’ १९४९ साली आलं. वकील मंडळी ‘फैजीत काय दिलंय बघा’ असं सहज म्हणून जातात. पण हे फैजी कोण, हे आपल्या समाजात फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून आज आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

त्याला एक कारण आहे. शहापूर तालुक्यातल्या शेणव्यासारख्या गावात एखादी लेक सासरहून परत आली, तिचा मेहर अडकला, नवऱ्यानं खर्चाला पैसे देणं बंद केलं, की घरचे लोक शहापूर नाहीतर मुरबाडच्या न्यायालयात वकील शोधतात. कौटुंबिक न्यायालयं मोठ्या शहरांत. तालुक्याला तोच वकील सकाळी जमिनीचा दावा चालवतो, दुपारी जामीन मागतो आणि संध्याकाळी या लेकीचे कागद बघतो. त्यानं मुस्लिम कायदा कॉलेजात एका सत्रात वाचलेला असतो, तोही वीस वर्षांपूर्वी. त्यात त्याचा दोष थोडा आणि व्यवस्थेचा जास्त. पण किंमत मोजते ती लेकच.

माथेरान ते केंब्रिज

आसफ अली असगर फैजी यांचा जन्म १० एप्रिल १८९९ रोजी माथेरानला झाला. घराणं मुंबईतलं नामवंत, सुलेमानी बोहरा जमातीचं. मुंबईचे पहिले हिंदी बॅरिस्टर आणि पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी याच गोतावळ्यातले. मुस्लिम कायद्यावर मोठा ग्रंथ लिहिणारे फैज तय्यबजी हेही त्यातलेच. म्हणजे कायदा घरातच होता. आसफ यांनी सेंट झेवियर्समध्ये शिक्षण घेतलं, मुंबईतच कायद्याची पदवी मिळवली. एवढ्यावर वकिली सुरू करता आली असती. घराण्याच्या नावावर पक्षकारही आले असते.

पण ते केंब्रिजला गेले आणि तिथं सेंट जॉन्स कॉलेजात अरबी-फारसीचा रीतसर अभ्यास केला. बॅरिस्टर झाले ते १९२५ मध्ये. कायद्याची पदवी हातात असताना भाषा शिकायला कशाला जायचं, असं कुणालाही वाटेल. त्याचं उत्तर आपल्या न्यायालयांच्या इतिहासात आहे.

इंग्रजी अमदानीत सुरुवातीला न्यायाधीशाच्या शेजारी शरियत सांगायला काझी, मुफ्ती बसत. १८६४ च्या कायद्यानं ही पदं बंद झाली. त्यानंतर अरबी न जाणणारे न्यायाधीश आणि अरबी न जाणणारे वकील इंग्रजी भाषांतरांवर निकाल लावू लागले. हनफी कायद्याचा ‘हिदाया’ हा त्यातला मुख्य आधार. चार्ल्स हॅमिल्टनचं त्याचं इंग्रजी भाषांतर १७९१ चं, आणि तेही मूळ अरबीवरून नाही, फारसी भाषांतरावरून केलेलं. भाषांतराचं भाषांतर! त्याच्या जोरावर लोकांचे संसार आणि वारसे ठरत होते.

याचा फटका कसा बसतो ते १८९४ मध्ये दिसलं. कुटुंबासाठी केलेला वक्फ बेकायदा आहे, असा निकाल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं दिला. शतकानुशतकं चालत आलेली रीत एका निकालानं बाद झाली. ती दुरुस्त करायला १९१३ चा कायदा आणावा लागला. मुंबईचे बॅरिस्टर जिना यांनी तो कायदेमंडळात पुढे नेला. मधली एकोणीस वर्षं ज्या घरांची गेली, ती गेलीच.

वकिली आणि अध्यापन

फैजी १९२६ पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. बारा वर्षं त्यांनी वकिली केली, पण अभ्यास सोडला नाही. १९३३ मध्ये त्यांनी इस्माइली पंथातल्या मृत्युपत्राच्या कायद्यावर पुस्तक काढलं. त्याच साली मुंबईत इस्लामिक रिसर्च असोसिएशन उभी राहिली, तिच्या उभारणीतही ते होते. दिवसा कोर्ट आणि घरी हस्तलिखितं, असा हा वकील.

१९३८ साली ते मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. त्याआधी १९३५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या पदावर होते. फैजी तिथं १९४७ पर्यंत राहिले.

तो काळ कसा होता बघा. १९३७ मध्ये शरियत कायदा आला. त्याआधी मुंबई इलाख्यात खोजा आणि कच्छी मेमन यांच्या वारशाला १८४७ च्या एका निकालामुळे हिंदू रूढी लागू होत होती. लेकींना वाटा नव्हता. १९३७ नं ते चित्र पालटलं. लगेच १९३९ मध्ये मुस्लिम विवाह विच्छेद कायदा झाला. तोवर हनफी मताप्रमाणे नवरा बेपत्ता झाला, पोसत नसला, तरी बायकोला सुटका मिळणं फार अवघड होतं. काही बायकांनी तर निकाह तुटावा म्हणून धर्म सोडल्याचं दाखवलं. त्यावर मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी मताचा आधार घेऊन वाट दाखवली आणि पुढे कायदा झाला. नवऱ्याचा चार वर्षं पत्ता नाही, दोन वर्षं खर्च दिला नाही, सात वर्षांची कैद झाली, अशा कारणांवर बाईला न्यायालयात जाऊन निकाह तोडता येऊ लागला.

आता विचार करा. ज्या वकिलानं १९३० मध्ये सनद घेतली, त्याचं या विषयातलं निम्मं ज्ञान १९४० पर्यंत शिळं झालं होतं. तो परत वाचायला बसला नसेल, तर दारात आलेल्या बाईला त्यानं सुटका नाही असंच सांगून परत पाठवलं असणार. कायदा तिच्या बाजूनं बदलला, पण ते तिला सांगणारं कुणी नव्हतं.

पंचवीस वर्षं एकच पुस्तक

स्वातंत्र्यानंतर फैजी इजिप्तमध्ये भारताचे राजदूत होते. नंतर केंद्रीय लोकसेवा आयोगाचे सदस्य आणि १९५७ ते १९६० जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पण आम्हाला या पदांपेक्षा त्यांच्या पुस्तकाच्या आवृत्त्या जास्त बोलक्या वाटतात. पहिली १९४९, दुसरी १९५५, तिसरी १९६४, चौथी १९७४. राजदूत झाले, कुलगुरू झाले, तरी पुस्तक पुनःपुन्हा उघडलं. शेवटची आवृत्ती काढली तेव्हा वय पंचाहत्तर.

नुसते नियम पाठ करून भागत नाही, खटले वाचावे लागतात. म्हणून १९६५ मध्ये त्यांनी भारत-पाकिस्तानातल्या महत्त्वाच्या निकालांचं वेगळं पुस्तक ऑक्सफर्डहून काढलं. दुसरीकडे दहाव्या शतकातल्या काझी नुअमान यांच्या ‘दआइम अल-इस्लाम’ या फातिमी कायद्याच्या ग्रंथाचं अरबी संपादन करून तो कैरोला छापून घेतला. त्याचं इंग्रजी भाषांतर त्यांच्या हयातीत पुरं झालं नाही. ते इस्माइल पूनावाला यांनी पुढे नेलं. स्वतःजवळची इस्माइली हस्तलिखितं फैजींनी मुंबई विद्यापीठाला देऊन टाकली.

त्यांची सगळी मतं समाजाला पटली असं नाही. १९६३ च्या ‘अ मॉडर्न अप्रोच टू इस्लाम’ या पुस्तकात त्यांनी श्रद्धा आणि कायदा यांचा वेगवेगळा विचार करावा अशी मांडणी केली. उलेमांना ती मान्य नव्हती, आजही अनेकांना नाही. तो वाद आपल्या जागी राहू द्या. मूळ ग्रंथ वाचल्याशिवाय बोलायचं नाही, ही त्यांची शिस्त मात्र दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल अशी आहे. २३ ऑक्टोबर १९८१ रोजी त्यांचं निधन झालं.

आपल्या तालुक्याला काय?

फैजींची १९७४ ची आवृत्ती उत्तम आहे, पण आज फक्त तिच्यावर खटला चालवणारा वकील फसेल. १९८५ चा शाहबानो निकाल, १९८६ चा कायदा, त्याचा अर्थ लावणारा २००१ चा दानियल लतिफी निकाल, हे सगळं नंतरचं. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं दगडू पठाण खटल्यात सांगितलं की नवऱ्यानं कोर्टात तलाक दिला होता असं नुसतं लिहून दिलं म्हणजे तलाक होत नाही. कारण आणि समेटाचे प्रयत्न सिद्ध करावे लागतात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकाच वेळचा तिहेरी तलाक रद्द ठरवला, २०१९ मध्ये त्यावर कायदा झाला. जुलै २०२४ पासून पोटगीचं १२५ कलम नव्या संहितेत १४४ झालं, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं तलाकशुदा मुस्लिम स्त्रीलाही १२५ खाली पोटगी मागता येते हे पुन्हा स्पष्ट केलं.

आपल्या भागाचे आणखी दोन प्रश्न आहेत. एक, पुस्तकं सुन्नी म्हणजे हनफी असं धरून चालतात, पण कोकणी मुसलमान बहुतेक शाफिई. सज्ञान कुमारी मुलीच्या निकाहाला वलीची संमती लागते का, यावर दोन्ही मतं वेगळी आहेत. १८६४ मध्येच मुंबई उच्च न्यायालयापुढे असा खटला आला होता. शाफिई घरातल्या मुलीनं हनफी मत स्वीकारून वडिलांच्या संमतीशिवाय निकाह केला आणि कोर्टानं तो वैध धरला. दुसरा प्रश्न जमिनीचा. १९३७ च्या कायद्यानं शेतजमीन आपल्या कक्षेबाहेर ठेवली. खेड्यात तर मालमत्ता म्हणजे शेतजमीनच. म्हणून लेकीच्या वाट्याचा दावा लढताना या एका कायद्यावर बोट ठेवून भागत नाही. विरोधातली रूढी कुणी सांगतंय का, ती सिद्ध होते का, मुंबईचे जुने निकाल काय, हे सारं चाळावं लागतं.

न्यायाधीशांच्या प्रशिक्षणासाठी आपल्याच ठाणे जिल्ह्यात उत्तनला महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. वकिलांना मात्र दर वर्षी इतके तास शिकलंच पाहिजे असं बंधन आपल्याकडे नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ते आहे. आपल्याकडे कधी येईल ते येवो. तोवर शहापूर-मुरबाडच्या वकील संघटनांनी आणि जमातींनी मिळून वर्षातून तीन-चार बैठका घेतल्या तरी पुष्कळ. नवे निकाल वाचायचे, शाफिई-हनफी फरक समजून घ्यायला जाणत्या आलिमांना बोलवायचं, मेहर आणि खुल्याचे कागद कसे करायचे ते बघायचं. यासाठी मोठा खर्च नाही. एक खोली, चार पुस्तकं आणि चहा पुरे.

आणि पक्षकारांनीही एक करावं. वकील निवडताना फी विचारतोच, त्याबरोबर त्यानं या विषयावर अलीकडे काय वाचलंय हेही विचारावं. विचारण्यात काही गैर नाही. फैजींसारखा माणूस पंचाहत्तरीत नवी आवृत्ती काढू शकतो, तर आपल्या वकिलाला एक नवा निकाल वाचणं जड जाऊ नये.